बैठकीत ‘हो’, गाड्यावर ‘नाही’ : मंडळातले मतभेद हाताळायचे कसे

गोव्यातल्या आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : ‘यंदाच्या जत्रेला ऐतिहासिक नाटक करावे असे सर्वानुमते ठरले.’ खाली सतरा सह्या. रविवारी आरतीनंतर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, बैठक झाली होती. अध्यक्षबाब म्हणाले, “मग ठरलं ना?” दोघांनी मान हलवली, एकाने खुर्ची मागे सारली आणि मी लिहून मोकळी झाले. नंतर अर्धा तास रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर, त्याच सतरातले सातजण भजी-पाव खात हे नाटक का उभं राहणार नाही याचा हिशेब मांडत होते. ड्रेपरीचं, म्हणजे नाटकातल्या पोशाखांचं, भाडं परवडणार नाही. वेर्णाच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारे दोघे तालमीला येणार कधी? आणि दिग्दर्शन ‘त्यालाच’ कशाला? मी दुधाची पिशवी घ्यायला गेले म्हणून कानावर पडलं. मला बघताच विषय पावसावर गेला. पहिल्या तालमीला नऊजण आले.

गाड्यावरचं एकेक कारण बिनतोड होतं. फक्त ते तीस पावलं अलीकडे, अग्रशाळेत बोललं गेलं नाही. बारा वर्षं कार्यवाह म्हणून काढल्यावर मला एवढं कळलंय की आमच्या गावकीत भांडणापेक्षा गुपचूप दिलेला होकार महाग पडतो. गाड्यावरचं बोलणं बैठकीत कसं आणायचं, ते इथे क्रमाने लिहिते. नाट्यमंडळाच्या जागी सोसायटी, बचतगट किंवा शाळेची पालक समिती घातली तरी फारसा फरक पडणार नाही.

आधी प्रश्न सुटा करा

‘यंदाचं नाटक’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्या बैठकीत एका गाठोड्यात तीन प्रश्न होते : नाटक कुठलं, दिग्दर्शक कोण, खर्च किती. काहींना नाटक पसंत होतं, दिग्दर्शक नको होता. ते तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून सगळा राग ड्रेपरीच्या भाड्यावर निघाला. तेव्हा गाठोडं सोडा. एकेक प्रश्न फळ्यावर एका ओळीत लिहा. पैशाचा आधी घ्या. आकडा ठरला की निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि त्यात कुणाचा मान जात नाही. माणसाचा प्रश्न शेवटी, आणि जमल्यास वेगळ्या दिवशी.

त्याच फळ्यावर निर्णय कोणत्या रीतीने होणार तेही लिहा. अध्यक्ष सगळ्यांचं ऐकून स्वतः ठरवणार, की मतं मोजणार, की कुणाचाच ठाम विरोध उरत नाही तोवर बोलत राहणार? तिन्ही रीती चालतात. माणसं चिडतात ती रीत मध्येच बदलली की. सुरुवात होते एकमताच्या नावाने, मग शेवटची बस चुकेल असं दिसायला लागतं आणि कुणीतरी म्हणतं, “चला, हात वर करा.”

प्रश्न जो लिहितो त्याच्या हातात अर्धा निर्णय असतो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. गोव्याच्या मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या कागदावर नव्हताच, ते ३० मे १९८७ ला आलं. (कोण बरोबर होतं हा वाद इथे उकरत नाही. आमच्या एकाच घरात दोन्ही चिन्हं होती, आणि अजून चवथीला (गणेशचतुर्थीला) जेवताना तो विषय निघतो.) मंडळापुरता धडा साधा : प्रश्न लिहायचं काम कुठल्याच बाजूची ओढ नसलेल्याला द्या, आणि लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने विचारा, “यात न मावणारं कुणाच्या मनात काही आहे का?”

भांडण कशावरून चाललंय ते ओळखा

मतभेद तीन जातीचे असतात : कामाबद्दलचे, कामाच्या रीतीबद्दलचे आणि माणसाबद्दलचे. काय करायचं यावरचा वाद बेताचा असेल तर उपयोगाचाच असतो, त्यातून खाचाखोचा बाहेर येतात. रीतीचा वाद, म्हणजे कुणी काय करायचं आणि कधी, वेळीच मिटवला नाही तर तो माणसावर जातो. आणि माणसाबद्दलचा वाद कधीच स्वतःच्या कपड्यांत येत नाही.

आमच्याकडे दोन चुलतभाऊ मागच्या पडद्याच्या रंगावरून पंचवीस मिनिटं भांडले. एकाला काळा हवा, दुसऱ्याला निळा. निळ्यावर उजेड बरा खेळतो, काळ्यावर माणूस उठून दिसतो, दोघांचंही खरं. पण आवाज चढला तो प्रकाशयोजनेसाठी नव्हता. काजूच्या भाटाची (बागेची) मेर, म्हणजे हद्दीचा बांध, तीन हात कुणी सरकवली, हा आठ वर्षांचा वाद त्या पडद्यावर येऊन लोंबकळत होता. नवी सून तेवढी विचारत होती, “काका, दोन्ही रंग घेतले तर?” बाकी सगळे छताकडे बघत होते, कारण सगळ्यांना मेर माहीत होती.

ओळखायच्या खुणा अशा. विषय लहान आणि ताप मोठा. ‘तू नेहमीच’, ‘तुमच्या घरातले सगळेच’ असे शब्द येतात. तीच सूचना तिसऱ्याने केली तर चालते, त्याने केली तर चालत नाही. यातल्या दोन खुणा दिसल्या तर बैठकीत समेटाचा प्रयत्न करू नका. सतराजणांसमोर कुणी माघार घेत नाही. विषय बाजूला ठेवा, “पडद्याचं बुधवारी बघू” म्हणा, आणि दोघांना वेगवेगळं भेटा.

माणूस आणि मुद्दा वेगळा ठेवता येतो याचा दाखला पुन्हा १९६७ चाच. जानेवारीत गोव्याने विलीनीकरण नाकारलं, आणि मार्चच्या निवडणुकीत ते मागणाऱ्या, आधीचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवलं. तुमची सूचना नको, तुम्ही हवे आहात, असं म्हणायची सोय माणसांना हवी असते. मंडळात ती सोय आपण मुद्दाम करून द्यावी लागते.

कोण कसा वागतो, याची मनातल्या मनात यादी

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोघांनी १९७४ मध्ये मतभेदातल्या वागण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या. मोजमाप दोनच : स्वतःचं म्हणणं किती लावून धरता, आणि समोरच्याचं किती सांभाळता. त्या पाचही तऱ्हा मला आमच्या अग्रशाळेतल्या खुर्च्यांवर बसलेल्या दिसतात.

ताणून धरणारा. आवाज मोठा, बहुतेकदा खरोखर अनुभवी. रंगमंचावर विजेची वायर उघडी असेल तेव्हा मला हाच माणूस हवा असतो, कारण तिथे चर्चेला वेळ नसतो. एरवी त्याला आधी बोलू दिलं की बाकीचे गप्प बसतात.

सोडून देणारा. “तुम्ही म्हणाल तसं.” असा माणूस सगळ्यांचा लाडका असतो आणि सगळ्यात धोक्याचाही. पाच वेळा सोडतो, सहाव्या वेळी मंडळ सोडतो. त्याला “तुला काय वाटतं?” विचारून उपयोग नाही. “हे झालं तर तुझ्यावर काय काम येऊन पडेल?” असं विचारा, मग बोलेल.

टाळणारा. बाहेरचे लोक याला सुशेगाद, म्हणजे निवांत गोंयकार, म्हणतात आणि हसतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे टाळणं हा बहुधा हिशेब असतो : त्याच वाड्यावर राहायचंय, त्याच विहिरीवर जायचंय, उद्या त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभं राहायचंय. एका नाटकासाठी ते नातं कोण जाळणार? म्हणून टाळणाऱ्याला धीर द्या वगैरे उपदेशाने काही होत नाही. त्याला नाव न लावता बोलायची वाट द्या, म्हणजे चिठ्ठी. विषय खरोखर क्षुल्लक असेल, किंवा दोघेही तापलेले असतील, तर टाळणं हेच शहाणपण.

अर्धं-अर्धं करणारा. वेळ कमी असेल तर उत्तम. पण अर्धं ऐतिहासिक आणि अर्धं विनोदी असं नाटक होत नाही.

मुळाशी जाणारा विचारतो, “तुला नेमकं काय हवंय, आणि कशासाठी?” वेळखाऊ काम आहे, म्हणून सगळ्यांसाठी नको. दिग्दर्शक, पैसा आणि तालमीची वेळ एवढ्याच विषयांत मी हे करते. दुसऱ्या पाळीचे दोघे ‘ऐतिहासिक नको’ म्हणत होते. खोदल्यावर कळलं की त्यांना रविवारी सकाळची तालीम हवी होती. नाटकाशी त्यांचं वैर नव्हतं.

एकच माणूस घरी टाळतो, मंडळात ताणतो, साहेबासमोर सोडून देतो. तेव्हा कुणाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवू नका. आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं घाला. माझं ‘टाळणारी’ खाली होतं, म्हणून तर मी ते ‘सर्वानुमते’ इतक्या लगबगीने लिहिलं.

बैठकीआधीचे चार दिवस

खर्चाचे आकडे आणि पर्याय लिहून आधी पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायला हरकत नाही, पण तिथे निर्णय घेऊ नका. अंगठा म्हणजे ‘वाचलं’ की ‘मान्य’, हे आजवर कुणी ठरवलेलं नाही, आणि गप्प राहिलेला माणूस होकारात धरला जातो.

ज्याचा विरोध असेल असं वाटतं त्याच्याकडे स्वतः जा. फोन नको. त्याच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसा, चहा येऊ द्या. पहिली पंधरा मिनिटं आपली बाजू मांडायची नाही. एवढंच म्हणायचं, “बैठकीत हे तुमच्या तोंडून यावं असं मला वाटतं. येईल का, की मी वाचून दाखवू?” इथे एक मोह होतो : घरोघर फिरून मतं जमवायची आणि बैठकीत नुसता शिक्का मारायचा. मी एकदा केलंय. निर्णय हवा तसा झाला आणि पुढचं वर्षभर माझ्या प्रत्येक वाक्यात लोक डाव शोधत राहिले.

बैठकीत

खुर्च्या गोल मांडा. क्षुल्लक वाटतं, पण आमच्याकडे रांगा असत तेव्हा बायका दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसत आणि तिथून बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. गोलात बसल्यावर पहिल्याच वर्षी तिकडून आलेला प्रश्न होता, “नाटक पहाटे चारला संपलं तर आम्ही घरी कशा जायच्या?” तोवर हा प्रश्न कधीच विचारला गेला नव्हता.

मग पाच मिनिटं शांतता. प्रत्येकाने कागदावर आपली पसंती आणि एक अडचण लिहायची, नाव नाही लिहिलं तरी चालेल. कार्यवाहाने सगळ्या चिठ्ठ्या वाचून फळ्यावर उतरवायच्या आणि तोवर कुणी टिप्पणी करायची नाही. हे आधी लिहून घेणं का, तर माणूस इतरांचं ऐकून बदलतो. सॉलोमन अॅश यांनी १९५१ च्या सुमारास अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कागदावरच्या रेघांपैकी सारख्या लांबीची रेघ ओळखायची, इतकं सोपं काम. पण ज्याची परीक्षा चालली होती त्याच्या आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. चारातले तीनजण निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराच्या मागे गेले. सोबतीला एकजण जरी खरं बोलणारा असला, तरी हे मागे जाणं एकदम कमी व्हायचं. म्हणून फळ्यावर दोन चिठ्ठ्यांत एकच अडचण आली की मी तिच्यापुढे ‘२’ लिहिते. पुढचं काम तो आकडा करतो.

बोलायची फेरी वयाने लहान असणाऱ्यापासून सुरू करा. ज्येष्ठ शेवटी. हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा, आणि “तुमचं बोलणं झाल्यावर कुणी बोलत नाही, म्हणून” असं खरं कारण सांगा. बहुतेकांना ते आवडतं.

अध्यक्षाने आपलं मत शेवटपर्यंत राखून ठेवावं. त्याचा स्वतःचा जीव विषयात अडकला असेल तर त्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्याला द्यावी. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. मुलाला नायकाची भूमिका हवी असणाऱ्या अध्यक्षाला वीस मिनिटं खुर्ची सोडणं जड वाटू नये.

मुद्दाम विरोध करायला एकाला नेमावं, असा सल्ला बरेचदा दिला जातो. कॅथलिक चर्चमध्ये संतपद देताना उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी असे, १५८७ मध्ये सुरू झालेलं ते पद १९८३ पर्यंत चाललं. आम्ही दोन वर्षं करून पाहिलं. नेमलेल्या माणसाचा विरोध लोक नाटकातल्या खलनायकासारखा ऐकतात : मजा घेतात, मनावर घेत नाहीत. चिठ्ठीतून आलेली खरी अडचण त्यापेक्षा जड.

तापलं तर

आमची एक खास खूण आहे. बैठक सुरू होते मराठीत, कारण वही मराठी आहे. माणूस खरंच दुखावला की कोंकणीवर येतो. “हांव कितें म्हणटां तें पयलीं आयक!” (मी काय म्हणतो ते आधी ऐक!) हे वाक्य आलं की मी पेन खाली ठेवते. मराठीकडे परत ओढायचं नाही, तिथल्या तिथे कोंकणीतच बोलू द्यायचं. आतली गोष्ट आईच्या बोलीत निघते, आणि नंतर तिचं मराठी करून “मी असं लिहू का?” विचारलं की निम्मा राग लिहिण्यातच निवतो.

दुसरा नियम असा : उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो “हां, हेंच” म्हणाल्यावरच पुढे बोलायचं. पहिल्या बैठकीत हे पोरकट वाटतं, सगळे हसतात. हसू द्या.

एवढं करूनही आवाज चढलेलाच राहिला तर दहा मिनिटं थांबा. पण सगळ्यांनी मिळून गाड्यावर जायचं नाही. चहा आत मागवा.

मोजणी

नुसते हात वर करून तीन पर्यायांत निवड करू नका. समजा पंधराजण आहेत. सहाजणांची पहिली पसंती ऐतिहासिक, मग कौटुंबिक, मग विनोदी. पाचजणांची कौटुंबिक, विनोदी, ऐतिहासिक. चारजणांची विनोदी, कौटुंबिक, ऐतिहासिक. हात मोजले तर सहा मतांनी ऐतिहासिक नाटक जिंकलं, पण नऊजणांच्या यादीत ते तळाला आहे, आणि तालमीला तेच नऊजण येणार नाहीत. आता पहिल्या पसंतीला दोन, दुसरीला एक, तिसरीला शून्य गुण द्या. ऐतिहासिक बारा, विनोदी तेरा, कौटुंबिक वीस. नाटक उभं राहायला हे वीसच लागतात.

निवड झाल्यावर आणखी एक फेरी घ्या, तीन उत्तरांची : मान्य, चालेल, चालणार नाही. ‘चालणार नाही’ म्हणणाऱ्याला विचारा, “काय बदललं तर चालेल?” त्याच्याजवळ उत्तर असेल तर ऐका. नसेल तर नोंद करून पुढे जा. एका माणसाच्या हट्टाला नकाराधिकार देऊ नये.

दोन पर्याय अगदी तुल्यबळ निघाले तर चिठ्ठ्या टाका. आमच्याकडे देवाला कौल लावतात, मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली कुठली आधी पडते ते बघतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातली एक सोय फार मोलाची वाटते : हरलेला माणूस शेजाऱ्याकडून हरत नाही.

वहीत काय लिहायचं

‘सर्वानुमते’ हा शब्द आम्ही आता वापरत नाही. निर्णय, मतं किती, कोण काय करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, एवढं बैठक संपायच्या आत लिहून वाचून दाखवायचं. शेजारी एक रकाना आहे, ‘अडचणी’, त्यात विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. एका वर्षी तिथे लिहिलं होतं : ‘दुसऱ्या अंकाआधी सेट बदलायला पंधरा मिनिटं लागतील, लोक उठतील.’ जत्रेच्या रात्री अठरा लागली.

ज्याचं मत हरलं त्याच्या घरी तीन-चार दिवसांत एक फेरी मारा. विषय काढू नका, नुसते जाऊन या. तो काढेल. त्या दोन चुलतभावांकडे मी वेगवेगळी गेले होते. मेर आहे तिथेच आहे. पण एकाने प्रकाश घेतला, दुसऱ्याने पडदा, आणि दोघांच्या कामांच्या वेळा मी अशा लावल्या की समोरासमोर यायची गरज पडू नये. रंग गडद निळा ठरला.

जत्रेनंतर हिशेबाची बैठक होते. तिथे आधी ‘अडचणी’चा रकाना वाचायचा, मग जमाखर्च.